गोळी आणली, पण घ्यायची हिंमत होत नाही
आतड्याच्या दीर्घ आजारावरची औषधं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याची दीर्घ सूज आहे. डॉक्टरांनी अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) ५० मिलिग्रॅम लिहून दिलं. पाकिटातल्या कागदावर कॅन्सर हा शब्द वाचला आणि गोळ्या तशाच कपाटात ठेवल्या. काय करू? (पंचवटी)

उत्तर : त्या कागदावर शक्य ते सगळं छापलेलं असतं, किती जणांना होतं, हे त्यावरून उमगत नाही. या गोळीने लिम्फोमाचा (लसीका ग्रंथींच्या कॅन्सरचा) धोका वाढतो हे खरं आहे, पण सरासरी तो वर्षाला हजारात एकाहून कमी असतो. उतारवयात जास्त. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघा : सूज तशीच राहिली तर रक्तस्राव, पुन्हापुन्हा स्टिरॉइड, कधी शस्त्रक्रिया, आणि वर्षानुवर्षं सुजलेल्या मोठ्या आतड्यालाही कॅन्सरचा धोका असतोच.

जास्त लक्ष ठेवायचं ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर. आपल्याकडे काही जणांच्या एनयूडीटी१५ या जनुकात फरक असतो आणि त्यांच्या पेशी पहिल्या काही आठवड्यांतच झपाट्याने घटतात. ही रक्तचाचणी गोळी सुरू करण्याआधी करता येते, डॉक्टरांना जरूर विचारा. ती नॉर्मल आली तरी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) चुकवायची नाही : सुरुवातीचे दोन महिने दर एक-दोन आठवड्यांनी, पुढे साधारण तीन महिन्यांनी, सोबत यकृताची तपासणी. तारखा आजच कॅलेंडरवर लिहा. भीती अशी तारखांमध्ये विभागली गेली की बरीच आवाक्यात येते.

ताप, तोंड येणं, घसा दुखणं किंवा पुंजक्यांनी केस गळणं, यातलं काही झालं तर पुढची गोळी न घेता डॉक्टरांना फोन करा आणि त्याच दिवशी सीबीसी करा. पहिल्या महिन्यात पोटाच्या वरच्या भागात पाठीपर्यंत जाणारी कळ आणि उलट्या म्हणजे स्वादुपिंडाला सूज असू शकते; तसं निघालं तर ही गोळी पुन्हा कधीच घ्यायची नाही. नुसती मळमळ असेल तर रात्री जेवणानंतर घेऊन पाहा. युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल चालू असेल तर आधी सांगा, दोन्ही एकत्र आल्यास पेशी धोकादायक पातळीला उतरतात.

गुण यायला दोन ते तीन महिने लागतात. पहिली गोळी शनिवारी रात्री नको, सोमवारी घ्या, म्हणजे शंका आली तर दवाखाना उघडा असतो.

प्रश्न : मेसालामाइन (आतड्याची सूज कमी करणारी गोळी) घेतलं की पंधरा-वीस मिनिटांत धडधड होते, संडासला पळावं लागतं. औषध सोसत नाही का? (सिडको)

उत्तर : गोळी आतड्यात पोचून विरघळण्याआधीच हे होतंय, म्हणून भीतीचाच संशय जास्त. घाबरल्यावर मोठं आतडं जोरात आकुंचन पावतं. औषध खरंच सोसत नसेल तर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जुलाब आणि रक्त दिवसागणिक वाढत जातं, बहुधा तापासह. तेव्हा लगेच डॉक्टरांना गाठा. वहीत रोज चारच गोष्टी लिहा : गोळीची वेळ, किती वेळा संडास, रक्त, ताप. दोन आठवड्यांची नोंद डॉक्टरांना कोणत्याही वर्णनापेक्षा उपयोगी पडते.

गोळीआधी पाच मिनिटं चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. गोळी चावू वा कुटू नका, तिचा लेप आतड्यातच विरघळायला हवा. स्टिरॉइडही चालू असेल तर झोप उडणं, बेचैनी त्यानेही होते. ते सकाळी नाश्त्यानंतर घ्या, मात्र मनाने एकदम बंद करू नका. रात्र रात्र काळजीत जात असेल तर सरकारच्या टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : आतड्याच्या सुजेवर देतात त्या अडालिमुमॅबच्या इंजेक्शनने टीबी होतो म्हणतात. (येवला)

उत्तर : शरीरात झोपलेला टीबी त्याने जागा होऊ शकतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे, टीबीसाठी इग्रा (रक्ताची) किंवा माँटू (त्वचेवरची) चाचणी, आणि हिपॅटायटिस बीची तपासणी. शक्यतो स्टिरॉइड सुरू होण्याआधी करा, नाहीतर टीबी असूनही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. घरात कुणाला टीबी झाला असेल तर लपवू नका. चाचणी पॉझिटिव्ह आली तरी दार बंद होत नाही : प्रतिबंधक गोळ्या सुरू करून बहुधा महिनाभराने इंजेक्शन देतात.

इंजेक्शन नाशिकहून येवल्याला नेताना बर्फाच्या डब्यात, पण बर्फाला न चिकटवता. घरी फ्रिजमध्ये २ ते ८ अंश. फ्रीझरमध्ये गोठलेलं इंजेक्शन टाकून द्यावं लागतं.

प्रश्न : मुलगा अझाथायोप्रिन घेतो, दिवसभर उन्हात द्राक्षबागेत असतो. चालेल का? (निफाड)

उत्तर : काम करू द्या. या गोळीने त्वचेला उन्हाचा त्रास लवकर होतो आणि त्वचेच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. पूर्ण बाह्यांचा शर्ट, रुंद काठाची टोपी, चेहऱ्याला आणि मानेला किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी पुन्हा. अंग दुखलं तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको, त्याने आतड्याची सूज उसळू शकते, पॅरासिटामॉल चालेल.