व्हॉल्व्ह घ्यायचा तर खोका सोडा, काच बघा

या वेळच्या पत्रांत बहुतेकांचा सूर एकच आहे: जुन्या रेडिओत-अँपमध्ये लागणारा काचेचा व्हॉल्व्ह, म्हणजेच ट्यूब, कुठे मिळेल? मिळतो हो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतो, दिल्लीच्या लाजपतराय मार्केटात मिळतो, घरबसल्या मोबाईलवरही मिळतो. अडचण आहे ती खात्रीचा मिळण्याची. तेव्हा पत्ते थोडे देतो आणि पारख जरा जास्त सांगतो.

आजोबांच्या रेडिओतला ईसीएल ८२ गेला आहे. दुकानदार पीसीएल ८२ देतोय, निम्म्या किमतीत. म्हणतो, आतून दोन्ही एकच. घेऊ का? (लातूर)

दुकानदार खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगतोय. आतली रचना एकच, पण हीटर, म्हणजे आतली तापणारी तार, वेगळी. या युरोपीय नावांत पहिलं अक्षर हीटरचं असतं. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. 'पी' म्हणजे हीटर एकामागोमाग जोडलेल्या ३०० मिलीअँपिअरच्या माळेत बसणारा, म्हणजे जुन्या टीव्हीतला. पीसीएल ८२ ला १६ व्होल्ट लागतात. तुमच्या रेडिओत तो मिणमिणेल आणि गप्प बसेल. टीव्हीचे व्हॉल्व्ह आता कोणी विचारत नाही, म्हणून स्वस्त. ईएल ८४ मागितल्यावर पीएल ८४ पुढे करतात, तिथे तर हीटरही वेगळा आणि आतली रचनाही वेगळी, तो ईएल ८६ चा भाऊ.

उलट काही नावं वेगळी दिसतात आणि व्हॉल्व्ह एकच निघतो. ईसीसी ८३ म्हणजेच १२ एएक्स ७. ईएल ८४ म्हणजे ६ बीक्यू ५, ईएल ३४ म्हणजे ६ सीए ७. रशियन ६ पी १४ पी हा ईएल ८४ च्या जागी चालतो. पण रशियन ६ एन २ पी ईसीसी ८३ सारखाच म्हणून गळ्यात मारतात, त्याच्या हीटरच्या पिना वेगळ्या आहेत. तसाच खोचू नका.

आणि मूळ मुद्दा, ईसीएल ८२ 'गेला' हे ठरवलं कोणी? त्याच्या ग्रिडला, म्हणजे करंट आवरणाऱ्या आतल्या जाळीला, जोडलेला जुना कागदी कपॅसिटर गळायला लागला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज चढतं, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आणि तापून मरतो. नवा आणून बसवला की तोही त्याच वाटेने. मेकॅनिकला आधी तो कपॅसिटर बदलायला सांगा, पैसे किरकोळ लागतात. रेडिओतल्या व्हॉल्व्हची नावं 'यू' ने सुरू होत असतील तर मात्र घरी उघडूच नका. त्या सेटांत बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो आणि अख्खी चॅसी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, थेट लाइटला जोडलेली असते.

माझ्या गिटार अँपमध्ये दोन ईएल ८४ आणि तीन १२ एएक्स ७ आहेत. महिन्यापासून कडकड आवाज येतो. पाचही ट्यूब बदलायच्या म्हणतोय, मॅच्ड संच घेऊ का? (नांदेड)

पाच बदलण्याआधी पाच मिनिटं द्या. अँप बंद करा, थंड होऊ द्या आणि तीन छोट्या ट्यूबांची आपसात अदलाबदल करा. कडकडीचं रूप बदललं, ती कमी-जास्त झाली, तर एखादी ट्यूब दोषी. काहीच फरक नाही, तर संशय सॉकेटवर नाहीतर अॅनोडला (आतल्या प्लेटला) जोडलेल्या रेझिस्टरवर घ्या. तो बहुतेक ठिकाणी १०० किलोओहमचा असतो आणि जुना झाला की असाच तडतडतो. माझ्या टेबलावर 'ट्यूब खराब' म्हणून आलेले कितीतरी अँप नुसत्या सॉकेटच्या पिना साफ करून, जरा आवळून परत गेले आहेत.

मग पेन्सिलचं मागचं टोक घ्या आणि चालू अँपमध्ये एकेका छोट्या ट्यूबच्या काचेवर हलकेच टिचकी मारा. मंद टुक ऐकू येणं ठीक. घंटेसारखं टण्ण वाजत राहिलं तर ती मायक्रोफोनिक आहे, म्हणजे बसलेला धक्का आवाजात उतरवते. तिला इनपुटजवळच्या पहिल्या जागेवरून काढा, शेवटच्या जागी ती वर्षानुवर्षं निमूट काम करेल. टेकवायची ती फक्त पेन्सिल आणि फक्त काचेला. आत ३०० व्होल्टच्या वर डीसी असतं आणि ते अँप बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये दबा धरून बसतं.

मॅच्ड जोडी फक्त पॉवर ट्यूबना हवी, म्हणजे दोन्ही ईएल ८४ सारखाच करंट ओढणाऱ्या. विक्रेत्याला विचारा, किती व्होल्टवर मोजल्या आणि किती मिलीअँपिअर आले. आकडा सांगणाऱ्याकडून घ्या, 'मॅच्ड आहे साहेब' एवढंच म्हणणाऱ्याकडून नको. छोट्या ट्यूबना जोडी लावायला जास्तीचे पैसे देऊ नका.

वडिलांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. माळ्यावर खोकाभर व्हॉल्व्ह सापडले. बरेच बीईएलचे, काही ईएल ३४ वर विलायती छाप आहे. व्हॉल्व्ह तपासायचा टेस्टर नाही. काय किमतीचे समजू? (परभणी)

नशीबवान आहात. बीईएल म्हणजे बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, सरकारी कंपनी. तिचे व्हॉल्व्ह एके काळी आपल्याकडच्या रेडिओंत आणि भोंग्यांच्या सेटांत घरोघरी होते. चांगल्या अवस्थेतला बीईएल मी आजही डोळे झाकून वापरतो.

डोळे झाकून म्हटलं, पण आधी उघडे ठेवून बघा. काचेच्या आत, बहुधा डोक्याशी, आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो गेटर. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह सरळ कचऱ्यात. मग मल्टिमीटर बीपवर लावून हीटर तपासा. ईएल ३४ च्या २ आणि ७ नंबरच्या पिना, ईएल ८४ च्या ४ आणि ५. बीप नाही तर हीटर तुटलेला. एवढ्यावरून मेलेले बाजूला पडतात. जिवंत आहेत त्यांच्यात दम किती, ते टेस्टरवरच कळतं. तोवर किंमत लावू नका, आणि 'सगळा खोका उचलतो' म्हणणाऱ्याला तर मुळीच देऊ नका.

विलायती छापेबद्दल माझी फजिती सांगतो. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून मी चार 'नवे जुने', म्हणजे जुन्या साठ्यातले पण न वापरलेले म्हणून विकलेले, ईएल ३४ घेतले होते. खोके कडक, छाप झळझळीत. घरी आणून भिंग लावलं तर तळाच्या मधोमध असलेल्या लोकेटरच्या प्लास्टिकच्या खुंटीची कड झिजलेली आणि पिनांवर उभे ओरखडे. म्हणजे सॉकेटमध्ये अनेकदा जाऊन आलेले. दोघांची तर आतली प्लेटही उरलेल्या दोघांपेक्षा वेगळी, म्हणजे दोन कारखान्यांचा माल एकाच छापेखाली. टेस्टरवर दोन निम्मेही भरले नाहीत.

गंमत म्हणजे छाप अंगठ्याने पुसली गेली म्हणून व्हॉल्व्ह खोटा ठरत नाही. खऱ्या जुन्या मालाची छापही हात लागताच जाते. छाप कोणीही मारू शकतो. प्लेटचा आकार, अभ्रकाच्या चकत्या, गेटरची कडी, हे आतलं कोणाला बदलता येत नाही. फिलिप्स-मुलार्डच्या मालात काचेवर तळाशी कोरल्यासारखा बारीक राखाडी कोड असतो, तिरप्या उजेडात शोधा. तुमच्याकडचे विलायती सगळे शेजारी शेजारी उभे करून आतली रचना एकमेकांशी ताडून बघा. बरंच काही तिथेच कळेल.

आमच्याकडे वर्षात दोनदा पॉवर व्हॉल्व्ह जातात. महागातले घेऊनही तेच. (जालना जिल्ह्यातलं गाव)

व्हॉल्व्ह बदलू नका, रात्री अकराला व्होल्टेज मोजा. शिवारातल्या मोटारी बंद झाल्या की लाइन चढते. २३० वर ६.३ मिळणाऱ्या हीटरला २६० वर सात व्होल्टच्या वर मिळतात, आणि अॅनोडचं व्होल्टेजही त्याच प्रमाणात चढतं. दिवसा १९० वर तोच हीटर ५.२ वर कुथत असतो. दोन्हींनी आयुष्य घटतं. चांगला स्टॅबिलायझर घ्या, तो व्हॉल्व्हच्या एका संचापेक्षा फार महाग पडत नाही. मग अंधार करून बघा. प्लेट लाल दिसली तर लगेच बंद करा, बायस, म्हणजे ग्रिडवरचं करंट आवरणारं व्होल्टेज, बिघडला आहे. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती चालते. आतल्या भागांच्या मधोमध जांभळा धूर भरल्यासारखा दिसला तर मात्र व्हॉल्व्हमध्ये गॅस झाला आहे.

नवे घ्यायचे तर कुठल्या कंपनीचे? (धाराशिव)

आजचे बहुतेक व्हॉल्व्ह स्लोव्हाकिया, रशिया आणि चीन या तीनच देशांतून येतात. टुंग-सोल, मुलार्ड, जेनालेक्स, सोव्हटेक, इलेक्ट्रो-हार्मोनिक्स ही सगळी नावं आज रशियातल्या साराटोव्हच्या एकाच कारखान्याची आहेत. तेव्हा मुलार्ड छाप बघून विलायतेतला जुना मुलार्ड मिळाला असं समजू नका. माल वाईट नाही, पण पैसे आठवणीचे मोजता. मार्च २०२२ मध्ये रशियाने निर्यात थांबवली तेव्हा सगळीकडे धावपळ झाली. नंतर माल सुरू झाला, भाव काही पूर्ववत झाले नाहीत. मी स्वतः स्लोव्हाकियाच्या चाड्त्सा गावातल्या जेजे कंपनीचे घेतो. टिकतात आणि जोडीत फरक कमी निघतो. सोनेरी पिनांचे जास्तीचे पैसे मी देत नाही.

परदेशातून मागवताना टपाल आणि सीमाशुल्क जोडून एकेकटा व्हॉल्व्ह फार महाग पडतो. चार-पाच जण मिळून मागवा. विक्रेता पंधरा दिवसांत खराब निघाल्यास बदलून देतो का, हे लेखी घ्या. नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

तपासायला व्हॉल्व्ह तुमच्याकडे पाठवायचे आहेत. फुटणार नाहीत ना? (बीड)

फुटणं सोडा, झटक्याने आतली तार तुटते आणि काच शाबूत राहते, मग भांडायचं कोणाशी? शेतात पीव्हीसी पाइपचे तुकडे पडलेले असतीलच. व्हॉल्व्ह स्पंजात गुंडाळून पाइपात सरकवा, दोन्ही तोंडांना स्पंज कोंबून चिकटपट्टी मारा. कानाशी धरून हलवा. आत काहीही सरकलं नाही पाहिजे. मग खोक्यात घालून खुशाल एसटीच्या पार्सलने टाका.