सिंह आणि वाघ यांची झुंज झाली तर कोण जिंकेल?

मी नागपूरचा, त्यामुळे माझं पारडं वाघाकडे झुकणार हे आधीच कबूल करतो. आपल्या भाषेने मात्र दोघांनाही सांभाळून घेतलंय. तानाजी पडले तेव्हा "गड आला पण सिंह गेला", आणि सुटका नसली की "वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो".

आता मुद्द्याचं. दोघेही ऐन उमेदीतले नर, समोरासमोर, पळायला जागा नाही, असं असेल तर मी वाघावर पैज लावीन. चहाची, फार मोठी नाही. कारण पहिला प्रश्न असा, की सिंह कुठला? गीरचा नर साधारण १६० ते १९० किलोचा. मध्य भारतातला भरलेला वाघ दोनशेच्या पुढे सहज जातो. कुस्तीत वजनगट ठेवतात ते उगाच नाही. आफ्रिकेतला तगडा सिंह आणलात तर हा फरक बराचसा मिटतो आणि माझी पैजही डळमळते.

वजन सोडलं तर वाघाची दुसरी जमेची बाजू म्हणजे त्याचा धंदाच एकट्याचा आहे. ताडोबात तो सांबर पाडतो, कधी रानगवाही. मदतीला कोणी नाही. पुढच्या पंजांनी जनावर खाली ओढायचं आणि नरडं धरायचं, हे रोजचं काम. मोहर्लीच्या बाजूला एकदा जिप्सीसमोरून नर चालत गेला होता. गाडीत सगळे त्याच्या तोंडाचे फोटो काढत होते, मी त्याचे खांदे बघत बसलो होतो.

सिंहाची आयाळ ढालीसारखी मान वाचवते, असं बरेच जण सांगतात. सेरेंगेटीत संशोधकांनी वेगवेगळ्या आयाळीचे नकली सिंह उभे करून पाहिले, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. माद्या गडद आयाळीकडे गेल्या, नरांनी लांब आयाळवाल्याला टाळलं. पुढे सिंहांच्या जखमा तपासल्या, तेव्हा मानेवरच जास्त वार होतात असंही दिसलं नाही. म्हणजे आयाळ ढालीपेक्षा पाटीसारखी जास्त: 'मी धडधाकट आहे, नादी लागू नकोस.'

सिंहाचं खरं बळ त्याच्या जोडीदारात असतं. गीरमध्ये दोन नर मिळून इलाखा राखतात, आणि बऱ्याचदा ते एकमेकांच्या नात्यातलेही नसतात. बाहेरचे नर आले की कळपही जातो आणि बच्चेही मारले जातात, म्हणून सिंहाला भांडणाचा सराव दांडगा. दोन सिंहांसमोर एकटा वाघ आला तर तो मुकाट वाट बदलेल, आणि त्यात त्याची काही बेअब्रू नाही.

पुरावे म्हणून लोक अंकाराच्या प्राणिसंग्रहालयातली घटना सांगतात. कुंपणाला फट पडली आणि वाघाच्या एका फटक्यात सिंहाची मानेची रक्तवाहिनी तुटली. रोमच्या आखाड्यात वाघिणीने सिंह फाडल्याचं एका तिथल्या कवीनेच लिहून ठेवलंय. पण पिंजऱ्यातली, खेळासाठी डिवचलेली जनावरं पाहून रानातला निकाल सांगणं मला पटत नाही. आणि रानात आज दोघांची गाठ पडतच नाही. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने गीरचे काही सिंह मध्य प्रदेशातल्या कुनोला हलवा म्हणून सांगितलं होतं. रणथंभोरचे वाघ अधूनमधून तिथे पोचतात, तेव्हा उत्तर कदाचित तिथे मिळालं असतं. सिंह गेले नाहीत, २०२२ साली चित्ते आले.

तुमच्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत आहे, की जो मेला तो हरला आणि उरला तो जिंकला. ताडोबाचा छोटा मटका नावाचा नर बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याने बजरंग नावाच्या वाघाला झुंजीत मारलं. २०२५ मध्ये ब्रह्मा नावाच्या दुसऱ्या वाघालाही मारलं, पण त्या वेळी स्वतःचा पुढचा पाय अधू करून बसला. लंगडणाऱ्या वाघाला सांबर कुठून मिळणार? ऑगस्टमध्ये वनखात्याने त्याला पकडलं आणि उपचारासाठी आमच्या नागपूरच्या गोरेवाड्यातल्या वन्यप्राणी बचाव केंद्रात आणलं. त्याचा इलाखा तिकडे चिमूरच्या बाजूला मोकळा राहिला.