नाताळचा भाग का फसला?

प्रश्न : ‘मिडसमर मर्डर्स’ ही ब्रिटिश रहस्यमालिका आमच्या घरी सगळेच आवडीने पाहतात. नुकताच तिचा ‘द ख्रिसमस हॉन्टिंग’ हा नाताळचा भाग पाहिला आणि फार निराशा झाली. आमची अपेक्षाच चुकली का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपली अपेक्षा मुळीच चुकलेली नाही. १९९७ पासून चालू असलेल्या या मालिकेनेच प्रेक्षकांना सुमारे दीड तासात गाव, त्यातली जुनी वैरे आणि खुनामागचे कारण सावकाश उलगडून पाहण्याची सवय लावली आहे. २४ डिसेंबर २०१३ रोजी प्रथम प्रसारित झालेल्या या भागाची सुरुवात, म्हणजे भुताटकीच्या वाड्यात भुते शोधायला जमलेली मंडळी आणि पुरातन तलवारीने झालेला खून, खरोखर उत्तम आहे. मात्र चार्ली नेल्सन या नव्या सार्जंटची ओळखही याच भागात करून द्यायची असल्यामुळे संशयितांच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो, आणि ज्यांना आपण पुरते ओळखलेलेच नाही त्यांच्यापैकी कोणी खुनी ठरला तरी मनाला धक्का बसत नाही. आपल्या दिवाळी अंकांतल्या काही रहस्यकथांतही सणाच्या सजावटीत संशयित असेच हरवतात, आणि प्रत्येक वेळी मला त्याची हळहळ वाटते.

याच मालिकेचा २००४ च्या नाताळातला ‘घोस्ट्स ऑफ ख्रिसमस पास्ट’ हा भाग आपण अवश्य पाहावा. त्यात जॉन नेटल्स यांनी रंगवलेला मालिकेचा आधीचा नायक, पोलीस तपास अधिकारी टॉम बार्नबी आहे आणि नाताळसाठी एकत्र आलेले कुटुंबच रहस्याच्या केंद्रस्थानी आहे.