निरक्षर पणजीचा इतिहास जुन्या पत्रांवरून आणि ऐकीव गोष्टींवरून लिहिता येईल का?

तुम्ही लिहिलंय की पणजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, गावच्या घरात पत्रांचा एक गठ्ठा सापडलाय आणि तिच्याबद्दल घरात दोन-तीन तऱ्हेच्या गोष्टी सांगतात ज्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही. एवढ्यावर इतिहास उभा राहतो का? राहतो. पाटण तालुक्यात नांदलेल्या माझ्या आजीचा मी असाच जुळवला. पण सासरच्या घरात तो अर्धाच सापडतो, हे आधी ध्यानात घ्या.

तुमच्याकडचा गठ्ठा म्हणजे तिला किंवा त्या घराला आलेली पत्रं. तिने धाडलेली पत्रं ज्यांना धाडली त्यांच्याकडे असणार: माहेरी भावाकडे, दुसऱ्या गावात दिलेल्या बहिणीकडे, मुंबईला नवऱ्याच्या खोलीवरच्या ट्रंकेत. म्हणून पहिलं काम तिचं माहेर शोधायचं. तिथे सासरच्या नावाने चौकशी करून उपयोग नाही; लग्नात नाव बदललेलं असलं तर माहेरच्या गावात त्या नावाची बाई कधी नव्हतीच. कोल्हापूर-सांगली-साताऱ्याकडचे असाल तर हेळव्याला, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत गावोगाव फिरणाऱ्याला, विचारा. त्याच्या वंशावळीत बहुतेक पुरुषच असतात, पण तिच्या भावांची नावं मिळाली तरी रस्ता सुटतो.

तिची म्हणून जी पत्रं मिळतील ती तिच्या हातची नसणार. ती सांगायची आणि गुरुजी, पोस्टमन नाहीतर शाळेत जाणारं घरातलं पोर लिहायचं. गुरुजींनी लिहिलेल्या पत्रात 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष'पासून 'कळावे'पर्यंत सगळं शिस्तीत असतं आणि बाई कुठेच नसते. पोराने लिहिलेलं पत्र मात्र सोनं समजा. माझ्या काकांनी लहानपणी आजीच्या सांगण्यावरून लिहिलेल्या एका कार्डात एकही वेलांटी धड नाही, पण 'म्हशीनं लाथ मारली म्हणून सांग, नको नको, ते नको लिहू' हेसुद्धा उतरलंय!

आलेली पत्रंही कुणीतरी मोठ्याने वाचून दाखवायचं, बहुधा सासऱ्यासमोर. त्यामुळे गिरणीत काम करणारा नवरा बायकोला काय लिहिणार? वडिलांना नमस्कार, बैलाची चौकशी, पोरांना आशीर्वाद. तिचा उल्लेख नाही म्हणून दोघांचं पटत नव्हतं, असं लगेच ठरवू नका.

गठ्ठा तारेला टोचलेला असेल तर सुटा करण्याआधी क्रमाने फोटो काढा. तारेत सगळ्यात खालचं पत्र सगळ्यात जुनं, आणि हा क्रम एकदा मोडला की परत लागत नाही. तारीख नसेल तर शिक्का बघा, तो पुसट असेल तर कागदच बोलतो. आंतरदेशीय पत्र 1950 नंतरचं. किंमत आण्यांत छापलेली असेल तर साधारण 1957 च्या आधीचं, 'नये पैसे' असेल तर 1957 ते 1964 च्या आसपासचं. पत्त्यात पिनकोड असेल तर 15 ऑगस्ट 1972 च्या आधीचं असूच शकत नाही. नावाआधीचं सौ. जाऊन गं. भा. कधी आलं तेही बघा, म्हणजे वैधव्याचं साल हाताशी येतं. मयताचं पत्र मात्र शोधत बसू नका. ते वाचलं की फाडून टाकायची रीत होती.

माझ्या मते पत्रांपेक्षा मोलाच्या आहेत मनिऑर्डरी. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा असायची आणि तो तुकडा पैशांबरोबर गावी यायचा. पावती मात्र सही किंवा अंगठा घेऊन पाठवणाऱ्याकडे परत जायची. म्हणजे तुमच्या पणजीचा अंगठा मुंबईच्या ट्रंकेत असण्याची शक्यता आहे. आजोबांच्या ट्रंकेतल्या पावत्या मी सालाप्रमाणे लावल्या तेव्हा दिसलं की आधी सगळ्या मनिऑर्डरी पणजोबांच्या नावाने जात होत्या आणि 1967 च्या कोयनेच्या भूकंपानंतर आजीच्या नावाने जाऊ लागल्या. पणजोबा तेव्हा हयात होते. घराचा कारभार कधी तिच्या हाती आला, हे कुठल्याही पत्रात लिहिलेलं नाही, कुणी सांगितलंही नव्हतं. भिंत पडल्यावर घर तिने उभं केलं, एवढंच सगळे म्हणायचे.

आता ऐकीव गोष्टी. म्हाताऱ्या माणसांना साल विचारू नका. मानमोडीच्या साथीत की नंतर (ती 1918 ची), पानशेत फुटलं तेव्हा (1961), भूकंपाआधी की मागून, बहात्तरच्या दुष्काळात कुठल्या कामावर खडी फोडायला जात होती, असं विचारा. आणि 'तिचं आयुष्य सांगा' असं तर मुळीच म्हणू नका. 'लई कष्ट केले बिचारीनं' एवढ्यावर मामला संपतो. त्याऐवजी दागिन्यांचा माग काढा. बोरमाळ कुणी घातली होती, पाटल्या कधी मोडल्या, कशापायी, सोडवल्या की गेल्या त्या गेल्या? या प्रश्नांवर आत्या, मावश्या, चुलत्या सगळ्या तोंड उघडतात, आणि भांडतातही. आमच्याकडे पाटल्या बैलासाठी मोडल्या असं सासरचं म्हणणं. माहेरचे म्हणतात, धाकट्या दिराच्या लग्नासाठी काढून घेतल्या. मी दोन्ही लिहून ठेवलंय, कोण म्हणालं तेही. खरं कुठलं ते ठरवायच्या भानगडीत पडलो नाही, कारण दोन्ही घरांना आपापली गोष्ट का लागते हेही तिच्याच इतिहासात मोडतं.

सरकारी कागदांत बाई उशिरा येते. सातबाऱ्यावर थांबू नका, फेरफार काढा. नवरा किंवा सासरा वारल्यावर वारसनोंदीत तिचं नाव बहुधा पहिल्यांदा दिसेल. मुलींची नावं हक्कसोडीने कधी गेली तेही तिथेच कळतं. जन्म-मृत्यूसाठी तहसीलमध्ये गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक विचारा. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे ही दप्तरं उघडली गेली आहेत, कितीतरी स्कॅनही झालीत. इतके दिवस त्यांच्याकडे ढुंकून बघत नव्हतं कुणी.

ती दळताना ओव्या म्हणायची असं कुणी सांगितलं तर ज्या बाईला आठवतात तिला म्हणायला लावा, आपण गप्प बसा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्या आज पारी (PARI) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर ऐकता येतात. तुमच्या घरातल्या ओव्या त्यांच्याशी ताडून बघा. जी सगळीकडे म्हटली जाते तिच्यातल्या सासुरवासावरून पणजीची सासू खाष्ट होती असं म्हणता येणार नाही. पण जिच्यात गावाचं, ओढ्याचं, भावाचं नाव येतं, ती तिची असू शकते.

गठ्ठ्यात मोडीतली पत्रं निघाली तर घाबरू नका. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो आणि आता वाचून देणारेही पुष्कळ झालेत. फक्त मूळ पत्रं कुणाच्या हाती सोपवू नका. दोन्ही बाजूंचे फोटो द्या. पत्त्याची बाजू वगळू नका, शिक्का तिकडेच असतो.