मिनिएचर रंगवताना बारीक कोरीवकाम रंगाखाली बुजते. अजून बारीक ब्रश घ्यावा का?

आपण पहिल्यांदाच वॉरहॅमर या टेबलावरच्या युद्धखेळातला स्पेस मरीन, म्हणजे चिलखतधारी सैनिकाची छोटी प्लास्टिकची मूर्ती, रंगवत आहात, चिलखतावरच्या खाचा रंगाने भरून जातात आणि त्यावर उपाय म्हणून आणखी बारीक ब्रश घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मीही अजून शिकतच आहे, परंतु हीच अडचण मला बरेच महिने छळत होती, म्हणून सांगावेसे वाटते की दोष ब्रशच्या जाडीत नसून रंगाच्या जाडीत असतो.

३२ मिलिमीटरच्या तळावर उभ्या असलेल्या या मूर्तीवरचे कोरीवकाम इतके उथळ असते की डबीतून थेट घेतलेल्या रंगाचा एकच हात ते बुजवू शकतो. ॲक्रिलिक रंग पॅलेटवर घेऊन त्यात थेंबाथेंबाने पाणी मिसळावे आणि तो साधारण पातळ ताकासारखा वाहू लागला की थांबावे. पहिल्या हातानंतर खालचा प्रायमर, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी दिलेला थर, डागाडागांनी दिसतो आणि नेमक्या त्याच वेळी जाड रंग लावण्याचा मोह होतो. तो आवरून, पहिला हात पूर्ण वाळू देऊन दुसरा आणि लागला तर तिसरा हात दिला, की रंग एकसारखा बसतो आणि प्रत्येक खाच जागच्या जागी राहते.

अगदी बारीक ब्रश मात्र घेऊ नये. त्याच्या चार केसांत रंग इतका थोडा मावतो की मूर्तीपर्यंत पोहोचण्याआधीच तो टोकावर वाळतो आणि मग रेघ तुटक येते. त्यापेक्षा पोट भरलेला पण टोक अणकुचीदार असलेला १ क्रमांकाचा ब्रश घ्यावा आणि तो केस धरून ठेवणाऱ्या धातूच्या बांगडीपर्यंत रंगात बुडवू नये, कारण तिथे वाळलेला रंग केस फाकवतो. रंग ओला राहावा म्हणून मी झाकणाच्या उथळ डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बेकिंग पेपर ठेवते आणि रंग त्या कागदावर घेते. मेणाचा कागद येथे चालत नाही, कारण त्यातून पाणी वर येत नाही.

प्रायमरबद्दलही सांगायला हवे, कारण काही वेळा तपशील तिथेच हरवतो. मी मुंबईत राहते. एका जुलैमध्ये गॅलरीत स्प्रे प्रायमर मारला आणि दमट हवेमुळे संपूर्ण चिलखत रवाळ झाले. तेव्हापासून पावसाळ्यात मी ब्रशने लावायचाच प्रायमर वापरते. त्याआधी साच्याच्या दोन भागांची जी बारीक रेघ प्लास्टिकवर उमटलेली असते, ती कटरच्या पात्याच्या पाठीने खरवडून काढावी, अन्यथा पुढे, खाली सांगितलेला वॉश दिल्यावर ती अधिकच उठून दिसते.

वॉश म्हणजे अतिशय पातळ, गडद रंग. तो आपोआप खाचांत उतरतो आणि जे कोरीवकाम आपल्याला दिसतही नव्हते ते उघड करतो; या छंदातला हा क्षण मला सर्वाधिक प्रिय आहे. सपाट भागावर त्याचे थारोळे साचले, तर ते ओले असतानाच स्वच्छ, किंचित ओलसर ब्रशने टिपून घ्यावे, पण वाळू लागले असेल तर हात लावू नये, कारण डाग पडतो. तो पूर्ण सुकल्यावर खाचा सोडून उंच भागांवर पुन्हा मूळ रंग द्यावा आणि शेवटी कडांवर उजळ छटा ओढावी, तीही टोकाने नव्हे तर ब्रशची कूस कडेवर टेकवून, म्हणजे हात थरथरला तरी रेघ सरळ येते.

आपल्या मूर्तीला शिरस्त्राण नसेल, तर डोळ्यांचा प्रश्न येईल. गणेशमूर्तींच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी अनुभवी कारागीर बाकीचे रंगकाम झाल्यावर करतो. येथे मात्र शिकणाऱ्याने त्वचेचा पहिला रंग देताच डोळे रंगवून घ्यावेत, कारण चूक झाली तरी भोवती त्वचेचाच रंग फिरवून ती झाकता येते.

आधी रंगवलेली मूर्ती टाकून देऊ नका. प्लास्टिकवरचा ॲक्रिलिक रंग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून जुन्या टूथब्रशने निघतो. हातमोजे घालून आणि खिडकी उघडी ठेवून हे करावे. ॲसिटोन असलेले नेलपॉलिश रिमूव्हर मात्र कदापि वापरू नये, त्यात हे प्लास्टिकच विरघळते.