वाचकांचे प्रश्न : जागृत ज्वालामुखीवर दम्याचा सोबती

प्रश्न : आम्ही गुहागरचे पाच मित्र बालीला जात असून, बातूर या जागृत ज्वालामुखीवर पहाटे चढण्याचा बेत आहे. आमच्यातील एकाला दमा आहे. त्याने यावे का?

उत्तर : १७१७ मीटर उंचीचा बातूर निरोगी माणसाला साधारण दोन तासांत चढता येतो. मला काळजी वाटते ती वायूची. सल्फर डायऑक्साइड अल्प प्रमाणातही दमेकऱ्याच्या श्वासनलिका आकुंचित करतो आणि साधा कापडी मास्क त्याला अडवीत नाही. म्हणून आधी डॉक्टरांची संमती घ्यावी, इनहेलर पिशवीच्या तळाशी न ठेवता खिशात ठेवावा आणि पेटलेल्या काडीसारखा उग्र वास येताच पाचही जणांनी मिळून मागे फिरावे. त्याला एकट्याला खाली धाडू नये.

निघण्यापूर्वी धोक्याची पातळी अवश्य पाहावी, मात्र तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये. २७ सप्टेंबर २०१४ रोजी जपानच्या ओंताके पर्वतावर इशारा सर्वांत खालच्या पातळीवर असतानाच वाफेचा स्फोट होऊन साठाहून अधिक गिर्यारोहक दगावले. त्यामुळे विवराच्या काठावर रेंगाळणे मला पटत नाही.

आपल्या सड्यावर जांभ्याची सुटी खडी जशी पायाखालून सरकते, तशीच तेथील राख आणि सच्छिद्र खडे उतरताना सरकतात. घट्ट पकडीचे बूट घालावेत आणि सर्वांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवावे.