राऊटर घेतल्यावर आधी काय शिकावे

सीएनसी राऊटर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणारे यंत्र, हाती आला की लगेच कोरीवकामाकडे वळण्याचा मोह होतो. परंतु माझा आग्रह असा की सुरुवातीचे दिवस लाकूड पक्के आवळणे आणि बिट (लाकूड कापणारे फिरते पाते) पुढे सरकण्याचा वेग जुळवणे यांवरच घालवावेत. नवशिके भीतीपोटी बिट फार हळू पुढे सरकवतात आणि नेमके तेच नडते, कारण बिट जागीच घासत राहून तापते, लाकूड काळवंडते आणि धार बोथट होते. दोन धारांचे बिट मिनिटाला १८,००० फेरे घेत असताना त्याच मिनिटात १,८०० मिलिमीटर पुढे सरकले, तर प्रत्येक धार एका फेऱ्यात ०.०५ मिलिमीटर लाकूड काढते. पिठासारख्या भुशाऐवजी सुट्या कपच्या पडू लागल्या की वेग जमला असे समजावे. प्लायवूडचा वरचा पापुद्रा उचकटत असेल, तर डाउनकट बिट (भुसा खाली ढकलणारे) लावावे, मात्र त्याने खाचेत भुसा साचतो, म्हणून बिट दर वेळी लाकडात कमी खोल उतरवावे. एमडीएफच्या (लाकडाच्या तंतूंपासून दाबून बनवलेल्या फळीच्या) धुळीसाठी मास्क हवाच. फिरत्या बिटजवळ हातमोजे मात्र कधीही घालू नयेत, आणि यंत्र चालू ठेवून खोलीबाहेर जाऊ नये, कारण तापलेल्या बिटने भुसा पेटू शकतो.